शाळूसोबती वादकाच्या संगीताचे जतन कसे करावे

शाळेत एका बाकावर बसलेला आणि पुढे वर्षानुवर्षे बरोबर वाजवलेला मित्र जातो, तेव्हा त्याच्या आयुष्याचा एक भाग फक्त तुमच्याकडे उरतो. घरच्यांना तो मुलगा, पती किंवा वडील म्हणून ठाऊक असतो आणि श्रोत्यांनी त्याला हात तयार झाल्यानंतर ऐकलेले असते. परंतु हात बसलेला नव्हता, लय हातून निसटत होती, एखादी ओळ कितीही घोटली तरी जमत नव्हती आणि मग एका दुपारी ती अकस्मात जमली, हे पाहणारा बहुधा शाळूसोबतीच असतो. या लेखात मी मित्राबद्दल लिहीत असलो तरी दिवंगत मैत्रिणीसाठीही हे सारे तितकेच लागू आहे.

अशा वेळी श्रद्धांजलीचे चार शब्द बोलून बहुतेक जण थांबतात, कारण आणखी काय करावे हे सुचत नाही. माझ्या मते वादकाच्या सोबत्याने तपशील जपावेत. तो कसा वाजवीत असे, कसा शिकला, कोणत्या जागा त्याच्या स्वतःच्या होत्या, हे इतक्या नेमकेपणाने नोंदवून ठेवावे की त्याला कधीही न ऐकलेल्या माणसाला त्याचे वाजवणे ओळखता यावे.

आधी नाशवंत गोष्टी

काही गोष्टी थांबत नाहीत, त्यामुळे दुःख ताजे असले तरी त्यांच्याकडे पहिल्या काही आठवड्यांतच लक्ष द्यावे लागते. तुमच्या फोनमध्ये त्याने पाठवलेले आवाजी संदेश असतील, गुणगुणून पाठवलेली एखादी चाल असेल, तर ते सर्वप्रथम संगणकावर उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण माध्यमांसह निर्यात करण्याची सोय असते. फोन बदलताना किंवा बिघडल्यावर हेच संदेश प्रथम हरवतात. त्याच्या स्वतःच्या खात्यांचाही प्रश्न आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते १२० दिवस वापरात नसेल तर ते साधारणपणे रद्द केले जाते आणि गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे कोणीच उघडले नाही तर ते त्यातील ईमेल व छायाचित्रांसह हटवले जाऊ शकते. ही खाती उघडण्याचा अधिकार तुमचा नाही, तो कुटुंबाचा आहे. मात्र अशी मुदत असते हे त्यांना सांगण्याचे काम तुम्ही करू शकता.

घरातील सामानाची आवराआवर हा दुसरा धोका. कॅसेट, वह्या, तारांची पाकिटे, जुने कार्यक्रमपत्रक या वस्तू घरच्यांना अडगळ वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना भेटायला जाल तेव्हा या वस्तू मागू नका. 'त्याचे वाजवण्याचे सामान कृपया टाकू नका, तुम्हाला सवड होईल तेव्हा आपण एकत्र बसून पाहू' एवढेच सांगा. मागितले की देण्या-न देण्याचा निर्णय त्यांच्यावर पडतो आणि शोकाच्या दिवसांत तो भार नकोसा होतो.

तिसरी नाशवंत गोष्ट म्हणजे तुमची स्वतःची स्मृती. इतरांशी बोलण्यापूर्वी, जुनी छायाचित्रे पाहण्यापूर्वी आणि जुनी मुद्रणे ऐकण्यापूर्वी जे आठवते ते क्रमाची पर्वा न करता वहीत लिहून काढा. छायाचित्र एकदा पाहिले की आठवण त्या छायाचित्रासारखी होऊ लागते आणि मूळ काय होते ते पुन्हा वेगळे काढता येत नाही.

कॅसेट उतरवून घेताना

ज्या पिढीचे शालेय वय १९७० ते १९९० च्या दशकांत गेले, तिचे सुरुवातीचे संगीत बहुधा कॅसेटवरच असते. ही फीत सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते आणि फक्त ३.८१ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे तिच्यावर आवाज फार दाटीने साठवलेला असतो आणि यंत्रातील लहानसा दोषही ऐकू येतो. म्हणून हे काम घाईने, मिळेल त्या प्लेअरवर करू नये.

प्रथम कॅसेटच्या मागच्या कडेला असलेल्या दोन छोट्या खिट्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. खिडकीतून दिसणाऱ्या फितीवर पांढुरके डाग असतील तर ती बुरशी असण्याची शक्यता आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. फितीला हेडवर (तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर) टेकवणारी स्पंजाची किंवा नमद्याची बारीक गादी निखळली असेल, तर फीत दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कवचात घालता येते. '१२०' लिहिलेल्या कॅसेटची फीत बरीच पातळ असते, ती पुढे-मागे पळवणे टाळावे. प्लेअरचे हेड व धातूचा फिरता दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळल्यावरच पहिली कॅसेट लावा, आणि ती पहिली कॅसेट मित्राची नसावी. ज्याचे काही बिघडले तरी चालेल अशी कोणतीही फीत आधी लावून यंत्र पारखून घ्या.

आवाज मंद किंवा कापडाआडून आल्यासारखा वाटत असेल तर बहुतेक वेळा दोष फितीचा नसतो. हेडचा कोन मूळ मुद्रणाच्या यंत्राशी जुळत नसतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत, डावी-उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकावे आणि झांज, टाळ किंवा 'स' चा उच्चार जेथे सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तेथे थांबावे. प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावे लागते, कारण त्या वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या असतात.

आता वेगाविषयी, कारण संगीतासाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असूनही बहुतेक जण तो सोडून देतात. घरगुती टेपरेकॉर्डर थोडे जलद किंवा संथ चालत. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये, म्हणजे लगतच्या वरच्या सुरात, ऐकू येते, आणि तीन टक्क्यांच्या फरकाने ते दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. परिणामी मित्राचा आवाज त्याचा वाटत नाही, लयही खरी राहत नाही. वेग पडताळण्याचे दोन उपाय आहेत. मुद्रणात वाजलेली पेटी अजून अस्तित्वात असेल तर तिचा षड्ज (सा) वाजवून मुद्रणाशी ताडून पाहावा. पेटीचे सूर वर्षांनुसार थोडे ढळतात, तरी अंदाज पुरेसा मिळतो. दुसरा उपाय विजेच्या गुणगुणीचा. पुष्कळ घरगुती मुद्रणांत वीजपुरवठ्याची खालच्या पट्टीतली गुणगुण मिसळलेली असते. भारतासह बहुतांश देशांत तिची वारंवारता ५० हर्ट्‌झ आणि उत्तर अमेरिकेत ६० हर्ट्‌झ असते. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत वर्णपट (आवाजातल्या वारंवारता दाखवणारे चित्र) उघडला आणि ही रेषा ५० ऐवजी ५१ वर दिसली, तर फीत दोन टक्के जलद चालते आहे असे समजावे. ही गुणगुण फितीतलीच आहे, आजच्या तुमच्या जोडणीतून आलेली नाही, याची खात्री कॅसेट थांबवून करून घ्यावी.

मुद्रण ४८ किंवा ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जाने, डब्ल्यूएव्ही (WAV) स्वरूपात करावे. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९६ किलोहर्ट्‌झने सुमारे ३ गिगाबाइट जागा लागते, आणि आजच्या काळात ती फार नाही. आवाजाचे शिखर शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील असे ठेवावे, म्हणजे एखादी थाप अचानक जोरात पडली तरी आवाज फाटत नाही. या मूळ प्रतीवर खरखर घालवण्याची कोणतीही प्रक्रिया करू नये. जी काही साफसफाई करायची ती वेगळ्या प्रतीवर करावी, कारण खरखर काढणारी प्रणाली झंकार, श्वास आणि बोटांचा तारांवरचा आवाजही कचरा समजून काढून टाकते, आणि त्याच्या हाताची ओळख नेमकी तेथेच असते.

दोन चिजांच्या मधले बोलणे कापू नका, ही माझी विशेष विनंती आहे. 'थांब, पुन्हा घेऊ', 'तू जरा आधी उचललेस', वाद्य लावतानाचे टुंगटुंग, कोणाचे तरी हसणे, हे सगळे तयार कार्यक्रमात कधीच सापडत नाही. ते ऐकताना तुम्हाला जड जाईल, एकाएकी त्याचा आवाज कानावर पडल्यावर पुढे ऐकवणारही नाही. म्हणून हे काम एकट्याने सलग करू नये, थोडे थोडे करावे आणि शक्य असल्यास कोणीतरी जुना सोबती बरोबर असावा.

सीडी, व्हिडिओ कॅसेट आणि जुन्या फोनमधील चित्रणांनाही हेच तत्त्व लागू आहे. घरी भरलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, तेव्हा 'सीडीवर आहे ना' असे म्हणून निश्चिंत राहू नये.

कशात काय आहे ते लिहिणे

फाइलला '१' किंवा 'नवीन' असे नाव देऊन ठेवले की दोन वर्षांनी तिचा उपयोग संपतो. प्रत्येक मुद्रणासाठी कोण वाजवते आहे, काय वाजवते आहे, कोठे व केव्हा, आणि ही माहिती तुम्हाला कशावरून समजली, या चार गोष्टी लिहाव्यात. तारीख ठाऊक नसेल तर ती रचू नये. 'दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, कारण नवी डग्गा-तबल्याची जोडी ऐकू येते' अशी कारणासह नोंद अचूक वाटणाऱ्या पण खोट्या तारखेपेक्षा शतपटीने चांगली. कॅसेटच्या वेष्टनावर त्याचे हस्ताक्षर असेल तर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, खाडाखोडीसकट.

त्याचे वाजवणे शब्दांत उतरवणे

सर्वांत अवघड आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम हे आहे, आणि ते सहवादकाशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. 'त्याच्या हातात जादू होती', 'तो सुरांचा भक्त होता' अशी वाक्ये कोणत्याही दिवंगत वादकाविषयी लिहिता येतात, म्हणून त्याच्याविषयी ती काहीच सांगत नाहीत. माझा मित्र तबला वाजवीत असे. त्याच्याविषयी मी असे लिहून ठेवले आहे: सोळा मात्रांच्या मध्यलय तीनतालात खालीनंतर (बाया, म्हणजे डावा डग्गा, मुका असतो त्या भागानंतर) तालाच्या चौदाव्या मात्रेला बाया परत यायला हवा, तेथे तो पुष्कळदा बाया मुकाच ठेवी आणि थेट समेच्या (पहिल्या मात्रेच्या) 'धा' ला तो मोकळा सोडी, त्यामुळे सम आधीपेक्षा रुंद वाटे आणि गाणाऱ्याला तेथे विसावता येई. हे वाचून दुसरा तबलजी ती गोष्ट स्वतःच्या हाताने करून पाहू शकतो.

अशा नोंदी करण्यासाठी मुद्रण पुन्हा पुन्हा, दर वेळी एकच प्रश्न मनात ठेवून ऐकावे. एकदा केवळ लयीकडे लक्ष द्यावे: तो लय धरून ठेवीत असे की रंगात आल्यावर पुढे सरके, आणि सरकत असेल तर कोणत्या ठिकाणी. पुढच्या वेळी सुरुवाती आणि शेवट ऐकावेत. वाद्य हातात घेतल्यावर पहिला सूर कोणता लावी, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घेई की साधेपणाने थांबे. त्यानंतर त्याच्या लाडक्या जागा शोधाव्यात, म्हणजे जी वळणे वेगवेगळ्या चिजांतही परत परत येतात. गिटारवादक असेल तर कॉर्ड बदलताना कोणते बोट तारेवर रेंगाळे, बासरीवादक असेल तर श्वास वाक्याच्या शेवटी घेई की मध्येच चोरून, पेटीवादक असेल तर भाता सलग ओढी की सुराबरोबर धक्का देई, हे त्या त्या वाद्याचे प्रश्न तुम्हालाच सुचतील. वेगवान जागा समजत नसतील तर सूर न बदलता वेग निम्म्यावर आणण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. प्रत्येक नोंदीपुढे फाइलचे नाव आणि मिनिट-सेकंद लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला तेच ठिकाण लगेच ऐकता येईल.

चुकाही नोंदवाव्यात. कोणती ओळ त्याला आयुष्यभर जड गेली, कोणता ताल तो शक्यतो टाळी, कोणत्या गुरूच्या किंवा मोठ्या वादकाच्या अनुकरणातून तो बाहेर आला आणि त्याला किती काळ लागला, हे लिहिल्याने त्याचा अनादर होत नाही. शाळेत असताना तुम्ही दोघे जे वाजवीत होता ते आज कदाचित बाळबोध वाटेल, तरी त्याच्या पुढच्या वादनातली बीजे तेथे दिसतात का हे शोधणे हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे.

इतरांच्या आठवणी

वर्गमित्र, शिक्षक, इतर साथीदार यांच्याशी आधी एकेकट्याने बोलावे आणि नंतर एकत्र बसावे. सगळे एकत्र आले की जो चांगला बोलतो त्याचीच आठवण सर्वांची होऊन बसते. मात्र एकमेकांच्या बोलण्यावरून विसरलेली गोष्ट अवचित वर येते, तीही एकत्र बसल्यावरच, म्हणून दोन्ही करावे आणि या क्रमाने करावे. 'तो कसा होता?' असे विचारले तर 'फार चांगला होता' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी त्याला वाजवताना पहिल्यांदा कोठे ऐकले, मंचावर जाण्यापूर्वी तो काय करी, चूक झाली की त्याचा चेहरा कसा होई, कोणते गाणे वाजवायला तो नकार देई, असे विचारावे. बोलणे मुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर निवाडा न करता दोन्ही, नावांसह, नोंदवाव्यात.

घरच्यांकडून ऐकायची एक गोष्ट वेगळीच आहे: तो घरी, कोणी ऐकत नसताना, काय वाजवी. ही माहिती तुमच्याकडे नसते.

वाद्याचे काय करावे

निर्णय घरच्यांचा. त्याआधी वाद्य जसे आहे तसे सर्व बाजूंनी टिपून घ्यावे: तारांची जाडी, घोडीची जागा, शाईवरील झीज, पट्ट्यांवरील खुणा. व्हायोलिनच्या सर्व तारा एकदम काढू नयेत, आतला आधाराचा खांब पडू शकतो. वाद्य काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा कोणी शिकणाऱ्याने ते वाजवावे असे मला वाटते, पण हे मत विचारल्याशिवाय मी कोणत्याही घरी मांडणार नाही.

स्मृतिसभा आणि नवी रचना

स्मृतीचे संगीत गंभीर व संथच असले पाहिजे, असा समज आहे. फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल याने १९१४ ते १९१७ या काळात पियानोसाठी सहा भागांची एक रचना केली आणि तिचा प्रत्येक भाग पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या मित्र-परिचितांना अर्पण केला. त्यातला चौथा भाग एकाच तोफगोळ्याने मरण पावलेल्या दोन भावांसाठी आहे. ते त्याचे लहानपणापासूनचे मित्र होते, आणि त्यांच्यासाठी लिहिलेला तो भाग चपळ, उसळत्या नृत्याचा आहे. तुमचा मित्र द्रुत लयीत खुलणारा असेल तर त्याच्या सभेत द्रुत लय असू द्या.

नवे काही रचायचे असेल तर नावातून स्वर काढण्याची जुनी वाट आहे. जर्मन संगीतकार बाख याच्या आडनावातली (B-A-C-H) चारही अक्षरे जर्मन पद्धतीत स्वरांची नावे आहेत आणि नंतरच्या अनेक संगीतकारांनी ते चार स्वर गुंफून त्याला अभिवादन केले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, पंडित रविशंकर यांनी 'गांधी' या नावातून गंधार (ग), निषाद (नि) आणि धैवत (ध) घेऊन मोहनकौंस हा राग बांधला. तुमच्या मित्राच्या नावात सा, रे, ग, म यांपैकी एखादेच अक्षर असले तरी तेवढ्यावर मुखडा उभा राहू शकतो. नाव उपयोगी पडत नसेल, तर त्याची मुद्रणांत सापडलेली लाडकी जागा घ्या आणि तिच्याभोवती रचना करा. वर सांगितलेल्या नोंदी येथे थेट कामी येतात.

त्याच्या मुद्रणाबरोबर मंचावर वाजवायचे असेल, तर वाद्ये आपल्या नेहमीच्या पट्टीऐवजी मुद्रणाच्या सुराला लावावीत आणि तालमी भरपूर कराव्यात, कारण मुद्रण तुमच्यासाठी थांबत नाही. त्याची जागा दुसऱ्या वादकाने घ्यायची असल्यास त्याला नक्कल करायला सांगू नये. भाषणे मोजकी ठेवावीत आणि शाळेत तुम्ही मिळून बसवलेली एखादी चीज, साधी असली तरी, कार्यक्रमात अवश्य असावी.

प्रसिद्धी आणि हक्क

रचनेचा हक्क, वादकाचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे तीन वेगळे हक्क आहेत. मित्राने स्वतः बांधलेल्या रचनांवर त्याच्या वारसांचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ राहतो. भारतात ६० वर्षे, युरोपीय संघात ७० वर्षे. तुमच्या घरी, तुमच्या यंत्रावर मुद्रित झाले म्हणून ते तुम्ही एकट्याने प्रसिद्ध करू शकत नाही. वारसांची आणि मुद्रणात वाजवणाऱ्या इतर साथीदारांची लेखी संमती घ्यावी. हक्कांच्या पलीकडे विश्वासाचाही प्रश्न असतो: वाजवण्यामधल्या गप्पांत त्याने खासगीत सांगितलेली गोष्ट असेल, तर तो भाग मूळ प्रतीत राहू द्यावा आणि बाहेर देण्याच्या प्रतीतून वगळावा. तुम्हा दोघांत कधी वितुष्ट आले असेल तर त्याविषयी जाहीरपणे लिहिताना, तो आता आपली बाजू मांडू शकत नाही हे ध्यानात ठेवून, केवळ संगीताला आवश्यक तेवढेच लिहावे.

जपणूक

सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साठवणीत असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. त्यातली एक घरच्यांकडे, यादीसह. हार्ड डिस्क न वापरताही बिघडते, म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून काही फाइली प्रत्यक्ष वाजवून पाहाव्यात आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवाव्यात. हे काम तुमच्यानंतर कोण करील, हेही आत्ताच ठरवा: त्याचे मूल, एखादा शिष्य किंवा तुमच्या ओळखीचा तरुण वादक. त्याला शेजारी बसवून प्रत्येक मुद्रण एकदा ऐकवा आणि कोणता हात कोणाचा आहे ते दाखवून द्या, कारण दोन तबले किंवा दोन गिटार एकत्र वाजत असतील तर त्यांतला तुमचा मित्र कोणता, हे यादीवरून ओळखता येणार नाही.